ॲनालॉग सिंथवर कॉर्ड वाकवताना कोणता स्वर स्थिर ठेवावा?

वडसा-देसाईगंज परिसरात झाडीपट्टीच्या एका नाटक मंडळात ऑर्गन वाजवणाऱ्या तरुण वादकाचा प्रश्न असा आहे. त्याने जुना, पण चांगल्या स्थितीतील कॉर्ग मिनीलॉग हा ॲनालॉग सिंथ, म्हणजे विद्युतमंडलांतून स्वर घडवणारा सिंथेसायझर, घेतला आहे. एकेक स्वर वाजवताना त्याचा आवाज भरदार वाटतो. मात्र कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर, धरून बेंडची (स्वर वरखाली सरकवणारी) दांडी हलवली की कॅसेटची टेप ओढल्यासारखे ऐकू येते, मध्यरात्र उलटली की कॉर्ड आतल्या आत बेसूर वाटू लागते, आणि पेडल स्टील गिटारवर (पेडल दाबून तारांचा सूर बदलता येणारी आडवी गिटार) जसा कॉर्डमधला एकच स्वर सरकतो तसे या वाद्यावर करता येईल का, हे त्याला जाणून घ्यायचे आहे.

हे करता येते. मात्र त्यासाठी बेंडची दांडी हेच कॉर्ड वाकवण्याचे मुख्य साधन आहे, ही समजूत आधी सोडावी लागेल. कॉर्डमधील निदान एक स्वर, आणि आपल्या संगीतात बहुतेक वेळा षड्ज, जागचा हलता कामा नये. तंबोऱ्याचा किंवा पेटीच्या सुराचा षड्ज कानात पक्का असतो म्हणूनच गायकाची मींड मींड वाटते. तो आधार काढून घेतला तर श्रोत्याला काहीतरी सरकले एवढेच कळते, कुठून कुठे सरकले हे कळत नाही. कॉर्डच्या बाबतीत हा आधार बाहेरून मिळेल याची खात्री नसते, म्हणून तो कॉर्डच्या आतच ठेवावा लागतो. पुढील सर्व विवेचन याच एका गोष्टीभोवती आहे.

तुमच्या दांडीने सगळी कॉर्ड एकदम का सरकते, ते आधी पाहू. ॲनालॉग सिंथमध्ये ऑसिलेटरची, म्हणजे मूळ स्वर निर्माण करणाऱ्या भागाची, वारंवारता विद्युतदाबाने ठरते. सर्वाधिक रुळलेल्या पद्धतीत दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक वर जातो, म्हणजे एका पट्टीला (लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराला) सुमारे ८३ मिलिव्होल्ट लागतात. बेंडची दांडी हलवली की प्रत्येक व्हॉइसच्या (एकेक स्वर वाजवणाऱ्या स्वतंत्र संचाच्या) दाबात सारखीच भर पडते, आणि दाबातील ही बेरीज वारंवारतेत गुणाकाराच्या रूपाने उतरते. त्यामुळे सा-ग-प या तिन्ही स्वरांची वारंवारता एकाच पटीत वाढते आणि त्यांचे आपसातील नाते जसेच्या तसे राहते. दोन पट्ट्या वर नेले तर सा-ग-प चे रे-तीव्र म-ध होते. कॉर्ड मेजर होती, मेजरच राहिली. फक्त तिचा षड्ज नाहीसा झाला. टेप ओढल्याचा भास होतो तो यामुळेच, कारण टेपचा वेग बदलला तरी सर्व स्वर एकाच पटीत वरखाली होतात. यात तुमच्या यंत्राचा काहीही दोष नाही.

वाद्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या मिडी या संदेशपद्धतीनेही यात फारशी मदत केलेली नाही. १९८३ साली आलेल्या मिडीच्या मूळ रचनेत बेंडचा संदेश एकेका स्वराला जात नाही, संपूर्ण चॅनेलला जातो. प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनेल देऊन तो वेगळा वाकवण्याची एमपीई नावाची पद्धत २०१८ मध्ये अधिकृत झाली खरी, पण ती वापरण्यासाठी तसा कीबोर्ड आणि तसे सिंथ दोन्ही असावे लागतात. तुमच्या कामासाठी त्या खर्चात पडण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या वाद्यांकडे एक नजर टाकली तर असे दिसते की ही अडचण कॉर्ड वाजवू शकणाऱ्या पहिल्या सिंथपासूनची आहे. १९७० चा मिनीमूग एका वेळी एकच पट्टी वाजवत असे, तरी त्याचे तीन ऑसिलेटर वेगवेगळ्या स्वरांत मिळवून एका बोटाने कॉर्ड काढता येत असे. त्यातील तिसऱ्या ऑसिलेटरचा कीबोर्डशी असलेला संबंध एका स्विचने तोडता येतो. मग तो ऑसिलेटर एकाच स्वरावर उभा राहतो आणि बाकीचे दोन पट्ट्यांप्रमाणे फिरतात. स्थिर षड्जावर हलती जोडी मिळवण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. १९७७ च्या यामाहा सीएस-८० मध्ये आठ व्हॉइस आणि बोट सरकवायची लांब पट्टी होती, पण त्या पट्टीवर बोट फिरवले की सगळेच स्वर एकत्र सरकत. १९७८ च्या प्रॉफेट-५ मधील पिचचे (स्वराची उंची बदलणारे) चाकही पाचही व्हॉइसना एकत्रच ओढते. थोडक्यात, नामवंत वाद्यांतही दांडी, चाक किंवा पट्टी हे संपूर्ण कॉर्ड सरकवण्याचेच साधन राहिले आहे.

आता कोणता स्वर हलवायचा ते ठरवू. पेडल स्टील गिटारचा तुम्ही उल्लेख केला आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. त्या वाद्याच्या सर्वात रुळलेल्या जुळणीत दोन पेडल एकत्र दाबले की सा-ग-प या कॉर्डमधील गंधार एका पट्टीने चढून मध्यम होतो, पंचम दोन पट्ट्या चढून धैवत होतो आणि षड्ज जागेवर राहतो. म्हणजे सा-ग-प वरून सा-म-ध. दोन स्वर वेगवेगळ्या अंतरांनी सरकले, एक थांबला. त्या वाद्याचा जो हळवा आवाज आपल्याला ओळखू येतो तो बराचसा या असमान सरकण्यातून येतो. सिंथवर सुरुवात करणाऱ्याने दोन स्वर एकदम हलवू नयेत. एकाच स्वराच्या तीन हालचाली आधी हाताखालून जाऊ द्याव्यात: सा-म-प मधील मध्यम एक पट्टी उतरून गंधारावर येणे, सा-रे-प मधील ऋषभ दोन पट्ट्या चढून गंधारावर येणे, आणि कोमल गंधार शुद्ध गंधारावर येणे. तिन्हींत षड्ज-पंचम अढळ आहेत आणि तिन्हींचा मुक्काम शुद्ध गंधारच आहे, तरी भाव अगदी निराळा आहे. पहिली हालचाल ताण सैल करते, दुसरी उघडते. तिसरी मात्र करुण प्रसंगात फार जपून वापरावी लागते, कारण दुःखाचा सूर एका क्षणात आनंदाकडे वळतो आणि संवाद तिथे पोचलेला नसेल तर सगळा प्रवेश विस्कटतो.

मिनीलॉगवर हे कसे करायचे ते आता नीट सांगतो. या यंत्रात चार व्हॉइस आहेत, प्रत्येक व्हॉइसमध्ये दोन ऑसिलेटर आहेत, आणि दुसऱ्या ऑसिलेटरची पिच एन्व्हलपने (पट्टी दाबल्यापासून वेळेनुसार चढत-उतरत जाणाऱ्या नियंत्रणाने) हलवण्याची सोय पॅनेलवरच आहे. तुम्हाला हवा असलेला दागिना नेमका तोच आहे. एन्व्हलप प्रत्येक व्हॉइसचा स्वतंत्र असतो. पट्टी दाबली की तो त्या व्हॉइसपुरता सुरू होतो आणि आधी धरलेल्या स्वरांना त्याचा स्पर्शही होत नाही. एका स्वरापुरते वाकवणे म्हणजे दुसरे काय?

एन्व्हलपचे चार भाग असतात: अटॅक म्हणजे चढण्याचा वेळ, डिके म्हणजे उतरण्याचा वेळ, सस्टेन म्हणजे पट्टी धरली असताना टिकणारी पातळी आणि रिलीज म्हणजे पट्टी सोडल्यावर विरण्याचा वेळ. जुळणी अशी करा. मिक्सरमध्ये पहिल्या ऑसिलेटरचा आवाज पूर्ण बंद करा, दुसऱ्याचा पूर्ण ठेवा. आवाजाच्या एन्व्हलपचा सस्टेन पूर्ण ठेवा आणि रिलीज आखूड ठेवा. दुसऱ्या एन्व्हलपचा, म्हणजे पिचला हलवणाऱ्या एन्व्हलपचा, अटॅक शून्य, डिके मध्यम आणि सस्टेन शून्य करा. हा दुसरा एन्व्हलप फिल्टरलाही (आवाजाचा उजळपणा ठरवणाऱ्या भागालाही) जातो, म्हणून फिल्टरकडील त्याचे प्रमाण मध्यावर, म्हणजे शून्यावर आणून ठेवा; नाही तर स्वर सरकताना आवाजही उघडमीट होईल आणि नेमके काय ऐकू येते आहे ते तुमचे तुम्हालाच कळणार नाही. आता पिचच्या एन्व्हलपचे प्रमाणही शून्यावर ठेवून डाव्या हाताने सा आणि प धरा. दोन्ही स्वर सरळ लागतील. ते धरलेले असतानाच उजव्या हाताने पिचच्या एन्व्हलपचे बटण अगदी किंचित अधिक बाजूला फिरवा. धरलेल्या सा आणि प वर काहीही परिणाम होणार नाही, कारण त्यांचे एन्व्हलप शून्यावर येऊन थांबलेले आहेत आणि शून्याला कितीही प्रमाणाने गुणले तरी शून्यच मिळते. मग गंधाराची पट्टी दाबा. तो स्वर वरून निघून गंधारावर उतरेल आणि षड्ज-पंचम तसेच उभे राहतील.

निघण्याची जागा बरोबर मध्यमच हवी असेल तर बटण कानाने मिळवावे लागते. त्यासाठी डिके काही काळापुरता लांबवा, पेटीवर किंवा दुसऱ्या कीबोर्डवर मध्यम धरा, आणि गंधाराची पट्टी दाबताक्षणी जो स्वर निघतो तो त्या मध्यमाशी जुळेपर्यंत बटण थोडे थोडे फिरवत राहा. जागा सापडली की तो प्रोग्राम साठवून ठेवा. बटण उणे बाजूला नेले की स्वर खालून चढेल. दोन पट्ट्यांएवढे उणे केले तर ऋषभावरून गंधार, एका पट्टीएवढे केले तर कोमल गंधारावरून शुद्ध गंधार. अटॅक शून्याऐवजी थोडा वाढवला तर स्वर गंधारावरून निघून वर जाऊन परत येईल, आणि हे प्रमाण लहान असेल तर आंदोलनाच्या जवळ जाणारी हालचाल मिळेल. एक पथ्य मात्र पाळा: या एन्व्हलपचा सस्टेन शून्यावरून हलवू नका. तो हलला की धरलेले स्वरही बटणाबरोबर सरकू लागतात आणि ही सगळी रचना कोसळते.

पहिला ऑसिलेटर बंद केल्याने आवाज जरा बारीक होतो, हे खरे आहे. तो थोडासा परत वाढवण्याचा मोह होईल. तसे केले तर पहिला ऑसिलेटर सुरुवातीपासूनच गंधारावर असेल आणि दुसरा मध्यमावरून उतरत त्याला येऊन मिळेल. शेजारच्या दोन पट्ट्यांची ही टक्कर हळूहळू विरघळणे बंद खोलीत विलक्षण सुंदर लागते. उघड्या मैदानावर भोंग्यांतून मात्र ती टक्कर कर्कश होते, म्हणून प्रयोगात पहिला ऑसिलेटर बंदच ठेवावा असा माझा सल्ला आहे.

चार व्हॉइसची मर्यादा इथे विसरून चालणार नाही. सा, प आणि ग मिळून तीन झाले, एक शिल्लक राहिला. गंधार सोडून पुन्हा दाबला की बहुधा तो शिल्लक व्हॉइस कामाला येतो; पण रिलीज लांब असेल आणि तुम्ही पाचवा स्वर घेतला तर यंत्राला कुठला तरी स्वर हिसकावून घ्यावा लागतो, आणि अनेक यंत्रांत तो मान सर्वात आधी दाबलेल्या स्वराला, म्हणजे आपल्या षड्जालाच मिळतो. म्हणूनच रिलीज आखूड ठेवायला सांगितले आहे.

दोन्ही ऑसिलेटर वापरण्याची आणखी एक रीत आहे. पहिला ऑसिलेटर पट्टीच्या स्वरावर ठेवायचा, दुसरा त्याच्या चार पट्ट्या वर मिळवायचा, आणि एन्व्हलपने त्याला पाचव्या पट्टीवरून चौथीवर उतरवायचे. आता एकट्या षड्जाची पट्टी दाबली की सा-म चे सा-ग होते. सा आणि प दोन्ही पट्ट्या एकत्र दाबल्या की काय होईल ते बघा: पंचमाच्या व्हॉइसमधील दुसरा ऑसिलेटर तार षड्जावरून शुद्ध निषादावर उतरेल, म्हणजे सा-म-प-तार सा या स्वरांची कॉर्ड सा-ग-प-नि होईल. दोन बोटांत चार स्वर, त्यांतील दोन स्थिर आणि दोन हलते. हे ऐकून तुम्ही थक्क व्हाल, पण लक्षात ठेवा की हीच हालचाल प्रत्येक पट्टीला मिळणार, आणि कोणत्याही दोन पट्ट्या घेतल्या तर सूर रागाबाहेर किंवा चालीबाहेर जाईल. हा प्रकार ठरावीक जागीच वापरायचा.

पोर्टामेंटोने, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर आपोआप सरकत जाण्याच्या सोयीने, कॉर्ड वाकवता येते का, असे पुष्कळ जण विचारतात. येते, पण तिथे यंत्र आपले व्हॉइस कोणत्या क्रमाने वाटते हे जाणून घेतल्याशिवाय हाती काही लागत नाही. बऱ्याच यंत्रांत प्रत्येक नवी पट्टी पुढच्या व्हॉइसकडे जाते आणि सरकण्याची सुरुवात त्या व्हॉइसने शेवटी वाजवलेल्या स्वरापासून होते. तुमच्या यंत्राची रीत ओळखण्यासाठी पोर्टामेंटो लांब ठेवून सा, रे, ग, म एकेक करून सुटे वाजवा आणि मग पाचव्या वेळी तार षड्ज दाबा. तो मध्य षड्जापासून वर सरकत आला तर व्हॉइस आळीपाळीने वाटले जात आहेत. मध्यमापासून निघाला तर यंत्र शेवटचा स्वर धरून चालते आहे. आळीपाळीच्या वाटपात तीन स्वरांच्या कॉर्ड एकामागून एक वाजवल्या तर दुसऱ्या कॉर्डचा पहिला स्वर चौथ्या, रिकाम्या व्हॉइसकडे जातो आणि बाकीचे दोन मागच्या कॉर्डच्या भलत्याच स्वरांपासून सरकत येतात. यावर उपाय एवढाच की दोन्ही कॉर्ड चार-चार स्वरांच्या घ्यायच्या आणि पट्ट्या खालून वर याच क्रमाने, किंचित पुढेमागे दाबायच्या. मग सा वरून सा, ग वरून म, प वरून ध अशी ज्याची त्याची वाट ठरते. सा वरून सा कडे जाणारा व्हॉइस अर्थातच हलत नाही, आणि आपला आधार टिकतो.

पोर्टामेंटोच्या स्वभावातही फरक असतो. काही यंत्रांत सरकण्याचा वेग ठरलेला असतो, काहींत वेळ ठरलेली असते. वेग ठरलेला असेल तर एक पट्टी चढणारा गंधार आधी पोचतो आणि दोन पट्ट्या चढणारा पंचम नंतर. मधल्या क्षणी कॉर्ड तिसरीच होते. वेळ ठरलेली असेल तर दोघेही एकदम पोचतात. कॉर्डसाठी मला दुसरा प्रकार अधिक पसंत आहे.

मग बेंडच्या दांडीचा काहीच उपयोग नाही का? आहे. गाडी येणे, दरवाजा उघडणे, स्वप्नात जाणे अशा नाट्यप्रसंगांत आधार सुटावा हीच इच्छा असते, तिथे सगळी कॉर्ड ओढणे योग्यच. त्यासाठी दांडीचा पल्ला वरच्या बाजूला दोन पट्ट्या आणि खालच्या बाजूला एक पट्टी असा वेगवेगळा ठेवा. दांडी टोकाला टेकली की स्वर नेमका पट्टीवर पोचला पाहिजे. टोक आणि सूर यांची गाठ नसेल तर अंधाऱ्या रंगमंचाशेजारी, अंगावर शाल घेऊन, थंडीने आखडलेल्या बोटांनी मधलीच जागा शोधणे कुणालाही जमत नाही. दांडी परत मध्यावर सोडताना ती हातातून सुटू देऊ नका. स्प्रिंगच्या जोरावर स्वर जो झटक्याने परत येतो त्यात कसलाही भाव नसतो. आणखी एक गोष्ट पाहा. कॉर्ड वर ओढली तरी फिल्टरचा कटऑफ, म्हणजे ज्याच्या वरच्या वारंवारता तो कापतो ती मर्यादा, सहसा तिथेच राहतो, त्यामुळे आवाज चढताना झाकल्यासारखा होतो. रोलंडच्या १९८२ मध्ये सुरू झालेल्या जुनो मालिकेतील सुरुवातीच्या सिंथवर दांडीचा परिणाम पिचवर किती आणि फिल्टरवर किती हे दोन वेगळ्या स्लायडरनी ठरवता येते, ते याचसाठी. मिनीलॉगवर ते काम दुसऱ्या हाताने कटऑफचे बटण फिरवून करावे लागते.

तुमचा दुसरा प्रश्न मध्यरात्रीनंतर कॉर्ड बेसूर होण्याचा आहे, आणि आपल्या भागात तो फार महत्त्वाचा आहे. झाडीपट्टीचा हंगाम दिवाळीनंतरचा. प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो, आणि धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांतून गारवा वर येऊ लागला की मंडपातील तापमान सायंकाळच्या मानाने दहा-बारा अंशांनी सहज उतरते. ॲनालॉग ऑसिलेटरमध्ये दाबाचे वारंवारतेत रूपांतर करणारा भाग ट्रान्झिस्टरच्या अशा गुणधर्मावर चालतो जो तापमानानुसार दर अंशाला सुमारे ०.३३ टक्के बदलतो. काहीच भरपाई केली नाही तर एका सप्तकाच्या अंतरात दर अंशाला सुमारे ४ सेंट, म्हणजे दहा अंशांत ४० सेंटचा फरक पडेल. एका पट्टीचे १०० सेंट धरले तर हे जवळजवळ अर्ध्या पट्टीच्या घरात जाते. थंडीत सप्तक ताणले जाते आणि उन्हात आखडते. प्रत्यक्षात सर्व चांगल्या यंत्रांत तापमानाप्रमाणे बदलणारा रोधक घालून किंवा आतील संगणकाकडून जुळणी करवून हा दोष बहुतांशी काढलेला असतो, पण जो थोडा उरतो तो प्रत्येक व्हॉइसमध्ये सारखा उरत नाही. एकेरी स्वराच्या सिंथवर यामुळे सगळे वाद्य किंचित चढते किंवा उतरते, आणि ते सावरून घेता येते. चार व्हॉइसच्या सिंथवर मात्र गंधार एका दिशेला जातो, पंचम दुसऱ्या. कॉर्ड आतल्या आत बेसूर वाटते ती यामुळे.

मिनीलॉग सुरू होताना आपले ऑसिलेटर आपणच जुळवून घेतो. पण तो थंडगार असताना जुळवून घेतला आणि मग आतील भाग तापले तर ती जुळणी जुनी होते. म्हणून प्रयोगाच्या किमान अर्धा तास आधी तो चालू करून ठेवा, गरम झाल्यावर पुन्हा जुळवा, आणि त्यानंतर प्रत्येक अंकाच्या मध्यंतरात जुळवत राहा. हॅलोजनच्या दिव्याजवळ किंवा उघड्या कनातीच्या वाऱ्यात तो ठेवू नका. हवा गरम असो वा थंड, ती एकसारखी असणे अधिक महत्त्वाचे आहे. जनरेटरवर प्रयोग असेल तर यंत्राचा अडॅप्टर चांगल्या यूपीएसमधून द्या, कारण वीज क्षणभर गेली तरी यंत्र नव्याने सुरू होते आणि तुम्ही केलेली, पण न साठवलेली सगळी मांडणी पुसली जाते. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा बंद गाडीत हे वाद्य ठेवून प्रवास करू नये हे वेगळे सांगायला नको.

पेटीशी किंवा मंडळाच्या जुन्या ऑर्गनशी सूर जुळवताना नेहमी सिंथला हलवावे. पेटीच्या पत्त्या जागेवर बसून घासता येत नाहीत, सिंथचे मुख्य ट्यूनिंग एका मिनिटात हलवता येते. षड्ज जुळवा, मग पंचम तपासा. दोन आवाज एकत्र धरल्यावर जी संथ उघडमीट ऐकू येते ती जवळजवळ थांबेपर्यंत सरकवत राहा. ४४० आणि ४४२ हर्ट्झ एकत्र वाजले तर ही उघडमीट सेकंदाला दोनदा होते, एवढे ध्यानात ठेवले की चूक किती आहे याचा अंदाज कानानेच येतो.

गंधाराचे दुखणे मात्र जुळणीने पूर्ण जात नाही. कीबोर्डचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, तर गायकाच्या गळ्यातून येणारा, षड्जाशी ५:४ या प्रमाणात मिळणारा गंधार सुमारे ३८६ सेंटवर. पंचमात हा फरक अवघा २ सेंट आहे, गंधारात १४. मध्य सप्तकात पांढरी एक षड्ज धरून सा-ग वाजवले तर षड्जाचा पाचवा आणि गंधाराचा चौथा उपस्वर (मूळ स्वराच्या पटीत त्यासोबत वाजणारा सूक्ष्म स्वर) एकमेकांजवळ येऊन सेकंदाला सुमारे दहा वेळा थरथरतात. ऑसिलेटरच्या करवतीच्या दातांसारख्या आकाराच्या लहरीत हे उपस्वर भरपूर असतात, म्हणून सिंथची कॉर्ड ऑर्गनपेक्षा जास्त खरखरीत वाटते. कटऑफ उतरवला की थरथर झाकली जाते. पण आपल्या रीतीत त्याहून चांगला उपाय आयताच हाती आला आहे. दोन ऑसिलेटरच्या जुळणीत दुसरा ऑसिलेटर चार पट्ट्या वर ठेवायचा होता, तो १४ सेंट कमी ठेवा. मध्यमावरून उतरणारा गंधार मग गायकाच्याच गंधारावर येऊन टेकेल. ही जुळणी कानाला लागली की साधी, न उतरणारी कॉर्ड तुम्हाला अपुरी वाटू लागेल.

कॉर्डची मांडणी तुमच्या भोंग्यांचा विचार करून करा. गावोगावच्या प्रयोगांत अजूनही शिंगाचे भोंगे असतात, आणि ते साधारण अडीचशे-तीनशे हर्ट्झच्या खाली फारसे काही देत नाहीत. खर्जात धरलेला षड्ज तुम्हाला शेजारच्या स्पीकरमधून ऐकू येईल, पण शेवटच्या रांगेत पोचणार नाही, आणि तिथल्या श्रोत्याला केवळ सरकणारा स्वर ऐकू जाईल. म्हणजे आधार पुन्हा गेला. म्हणून षड्ज मध्य सप्तकात घ्या, पंचम त्याच्यावर, आणि हलणारा गंधार त्याच्याही वर, तार सप्तकात. असे पसरलेले स्वर एकमेकांवर कमी घासतात आणि सरकणारा स्वर सर्वात वर असल्याने स्पष्ट कळतो.

वापर कुठे करावा याबद्दल थोडे. संवादाच्या मागे धरलेल्या कॉर्डमध्ये एक स्वर हळूच सरकवणे हे या तंत्राचे खरे घर आहे. नटाचे वाक्य संपते आणि पुढचे सुरू होत नाही तेवढ्या अवकाशात ती हालचाल पूर्ण झाली पाहिजे. लावणीच्या ठेक्यावर ते हरवते, तिथे सरळ कॉर्ड बरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील खंजिरी भजनाला साथ करायची वेळ आली तर मी गंधारच काढून टाकतो आणि फक्त सा-प धरतो, कारण तिथे गंधार कसा लागावा हे गाणाऱ्यांच्या गळ्यावर सोडणे मला योग्य वाटते.

राहिला डिके किती ठेवायचा हा प्रश्न. तो तबल्याकडे बघून ठरवा. मिनिटाला साठ मात्रांची लय असेल तर एक मात्रा एक सेकंदाची. सरकणे मात्रेच्या साधारण पाऊण भागात संपले पाहिजे, म्हणजे पुढच्या मात्रेवर गंधार स्थिर मिळेल. लय दुप्पट झाली की डिकेही अर्ध्यावर आणा. एन्व्हलपचा शेवट सहसा संथ होत जातो, त्यामुळे डिके पूर्ण संपण्याआधीच कानाला स्वर पोचल्यासारखा वाटतो. आकडा न पाहता तबलजीला साधा ठेका धरायला सांगून, गंधाराची पट्टी समेच्या आधीच्या मात्रेवर दाबत, उतरणारा स्वर नेमका समेवर बसेपर्यंत बटण फिरवत राहा.